मोकळ्या टिपेआधीचे रेखाटन

गोधडीच्या थरांवर मशीनने मोकळी टीप मारण्याआधी त्या टिपेची वाट कागदावर, पाटीवर किंवा पारदर्शक प्लास्टिकवर काढून पाहण्याची पद्धत. मोकळी टीप म्हणजे इंग्रजीत जिला ‘फ्री मोशन क्विल्टिंग’ म्हणतात ती शिवण. तिच्यात कापड मशीन ओढत नाही, शिवणारीचे हात ते सुईखाली हवे तिकडे नेतात. रेखाटन हा या कामाचा पहिला टप्पा असला, तरी त्याला चित्रकला येण्याची गरज नसते. सुई कुठून निघेल, कशी वळेल आणि दोरा न तोडता पुढच्या आकाराकडे कशी जाईल, एवढेच त्यात ठरवायचे असते. देखणे चित्र तयार झाले आणि वाट सापडली नाही, तर ते रेखाटन या कामाला निरुपयोगी ठरते.

मशीनवर काय घडते

नेहमीच्या शिलाईत सुईखालचे दाते टाक्यागणिक कापड पुढे सरकवतात. वर येणे, पुढे जाणे, खाली बसणे आणि मागे परतणे या दात्यांच्या चार हालचालींच्या यंत्रणेचे पेटंट अमेरिकेत अ‍ॅलन विल्सन याने 1854 मध्ये घेतले. आजच्या घरगुती मशीनमध्येही तत्त्व तेच आहे. मोकळ्या टिपेसाठी हे दाते खाली उतरवतात किंवा झाकणपट्टीने झाकून टाकतात आणि कापड दाबून धरणारा नेहमीचा फूट काढून त्या जागी रफूचा, म्हणजे डार्निंगचा, फूट बसवतात. मशीनवर भरतकाम करणारे कारागीर तर फूट पूर्ण काढून कापड रिंगमध्ये ताणून घेतात. त्यानंतर टाक्याची लांबी ठरवायला मशीन उरत नाही. पायाचा वेग आणि हातांचा वेग यांच्या मेळातून ती ठरते. इंचाला साधारण 8 ते 12 टाके बसले तर टीप नीटस दिसते. हात रेंगाळला की टाके दाटतात, घाई केली की लांब सुटतात.

हात, पाय आणि डोळे असे गुंतलेले असताना ‘आता कुठे जाऊ?’ हा प्रश्न सोडवायला उसंत नसते. विजेवरचे घरगुती मशीन मिनिटाला कित्येक शे टाके मारते, त्यामुळे विचार करायला हात थांबला आणि पाय चालू राहिला, तर त्याच जागी टाक्यांची गाठ होते. हा प्रश्न आधीच सोडवून ठेवण्यासाठी रेखाटन करतात.

कोकणातल्या हातशिवणीच्या वाकळीला अशा तयारीची गरज पडत नाही. जुन्या सुती लुगड्यांचे थर अंथरायचे, कडेने धावदोरा घालत आत यायचे, आणि आधीची ओळ पाहून पुढची घालायची. हात सावकाश चालतो, त्यामुळे नजरेला पुढचे ठरवायला वेळ मिळतो. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांची कवंदी हीदेखील कडेकडून सुरू होऊन मध्याकडे शिवत नेलेली, आधी न रेखलेली गोधडी आहे. त्या कामातला सरळपणा डोळ्यांत मुरलेला असतो. तोच भरवसा मशीनवर ठेवला की फसगत होते, कारण तिथे नजरेच्या आधी सुई पोहोचते.

मशीनच्या टिपेला कलेत मान मिळायला मात्र बराच काळ गेला. अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या केंटकीतल्या पडुका येथील प्रदर्शनात 1989 मध्ये कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर शिवलेल्या गोधडीला सर्वोत्कृष्ट पारितोषिक मिळाले. तोवर हातशिवणच खरी, असा सर्वसाधारण समज होता. आपल्याकडेही तो पुष्कळ घरांत टिकून आहे, आणि पूर्ण चुकीचा आहे असेही नाही, कारण धावदोऱ्याचा मऊपणा मशीनच्या टिपेला येत नाही.

हात न उचलता

रेखाटनाचा मुख्य नियम पाटीवरच्या एका जुन्या खेळात आहे: हात न उचलता आणि रेघ न गिरवता घर काढून दाखव. हा खेळ कधी जमतो आणि कधी कितीही डोके खाजवले तरी जमत नाही, याचे गणित लिओनार्ड ऑयलर याने अठराव्या शतकात क्योनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांच्या कोड्यावरून मांडले. सलग जोडलेल्या आकृतीत ज्या बिंदूंशी विषम संख्येने रेघा मिळतात असे बिंदू मोजायचे. एकही नसेल तर आकृती कुठूनही सुरू करून तिथेच संपवता येते. दोन असतील तर एकापासून निघून दुसऱ्यावर संपते. दोनाहून जास्त निघाले, तर न गिरवता ती पुरी होणारच नाही.

गोधडी शिवणारीला हे गणित नावानिशी ठाऊक नसले तरी चालते, पण त्याचा उपयोग रोजचा आहे. स्वस्तिकाला चार मोकळी टोके असतात, म्हणजे चार विषम बिंदू. साध्या रेघांचे स्वस्तिक एका दमात निघत नाही, कुठेतरी परत फिरावे लागते. याउलट कंपासने काढलेले सहा पाकळ्यांचे फूल घ्या. मध्यात बारा रेघा मिळतात, पाकळीच्या प्रत्येक टोकाशी दोन. भोवती वर्तुळ असले तर टोकाशी चार होतात. सगळेच सम असल्याने वर्तुळासकट अख्खे फूल एका धाग्यात निघते. अशी गोल फुले कोकणी देवळांच्या भिंतींवरच्या कावी कामात पाहायला मिळतात. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा रंग चढवायचा आणि टोकदार हत्याराने तो खरवडून खालचा पांढरा थर उघडा करायचा, अशी ही कला सिंधुदुर्गापासून गोवा आणि कारवारपर्यंत आढळते. पांढऱ्या रेघेची तांबड्यावरची ती नक्षी गडद कापडावरच्या फिक्या धाग्याच्या टिपेत जवळजवळ जशीच्या तशी उतरते.

गिरवणे टाळलेच पाहिजे असे नाही. दुसऱ्यांदा त्याच रेघेवरून गेलेली टीप सहसा खपून जाते. तिसऱ्यांदा गेली की धागा चढतो आणि तिथे दोरी ठेवल्यासारखी दिसते. म्हणून रेखाटन पेन्सिलीपेक्षा पेनाने करावे. जिथे शाई दाट झाली तिथे धागाही दाटणार, हे कागदच सांगतो. शिवाय पेनाची रेघ खोडता येत नाही, आणि टीपही उसवल्याशिवाय जात नाही. खोडरबर हाताशी ठेवून केलेल्या रेखाटनाने खोटा आत्मविश्वास येतो.

माडाची झावळी हे याचे चांगले उदाहरण आहे, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही ती काढावीशी वाटतेच. पहिली रीत अशी: देठापासून मधल्या दांड्यावरून शेंड्यापर्यंत वर जायचे, मग उतरताना एक पाते डावीकडे, एक उजवीकडे असे काढत यायचे. प्रत्येक पात्याच्या टोकाला जाऊन त्याच रेघेवरून परत दांड्यावर. दांडा दोनदा, पाती दोनदा, कुठेही तीनदा नाही. दुसऱ्या रीतीत प्रत्येक पाते एकेरी रेघ न ठेवता चिंचोळ्या पानासारखे करतात, एका कडेने जाऊन दुसऱ्या कडेने परतायचे. त्यात गिरवणे वाचते, पण पाते जरा रुंद झाले की झावळीचे आंब्याचे डहाळे होते. कोणती रीत घ्यायची हे कागदावर दोन्ही काढून, कागद हातभर लांब धरून ठरवलेले बरे.

नागमोडी भरण ही सर्वांत सोपी आणि म्हणून सर्वांत जास्त बिघडणारी नक्षी. रेघ स्वतःला कुठेही छेदत नाही, वळणे घेत जागा भरत जाते. अडचण कोंडीची असते. वळणे घेता घेता सुई अशा खिशात शिरते, की बाहेर यायला आधीची रेघ ओलांडण्यावाचून वाट उरत नाही. चक्री काढतानाही तेच होते. आत जाताना दोन फेऱ्यांमध्ये परतीच्या रेघेपुरती जागा सोडली नाही, तर मध्यात जाऊन धागा तोडावा लागतो.

किनाऱ्यावरच्या नक्ष्या

कोकणात रेखाटनासाठी आकार शोधत फिरावे लागत नाही, निवडणे मात्र अवघड जाते. माशाचे खवले म्हणजे अर्धवर्तुळांच्या रांगा. एक रांग डावीकडून उजवीकडे, कडेला पोहोचले की वर चढून दुसरी उलट दिशेने, खालच्या दोन खवल्यांच्या सांध्यावर मध्य साधत. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या, जाळ्याची चौकडी तिरप्या नागमोडी ओळींनी निघते. डोंगरउतारावरच्या भाताच्या खाचरांचे बांध म्हणजे एकाच रेघेच्या समांतर पडसादांची ठेवण. कुठल्याही मुख्य आकाराभोवती अशा रेघा मारत गेले की मोकळी जागा शांतपणे भरते. जांभ्याच्या चिऱ्यावरची भोके लहान-मोठ्या गोटीएवढ्या वर्तुळांनी दाखवता येतात, पण ते काम धागा खाते आणि वेळही. आठ इंचांच्या चौकोनात वर्तुळे भरायला घेऊन मध्येच कंटाळलेल्या गोधड्या कमी नसतात.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्याच्या पठारांवरची, कातळशिल्पे वेगळी अडचण उभी करतात. कोकणातली ही शिल्पे 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या वारसा यादीत आहेत. त्यांचे आकार बाह्यरेषेचे, म्हणून टिपेला सोयीचे. पण कशेळीच्या सुमारे 18 मीटर लांब हत्तीच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रे कोरलेली आहेत. कापडावर असे काही करायचे, तर हत्तीची कड एका धाग्यात निघते आणि आतले प्राणी सुटी बेटे होऊन बसतात. प्रत्येक बेटासाठी धागा तोडायचा, की हत्तीच्या कडेपासून आत येणाऱ्या पडसादरेघांनी त्यांना जोडून घ्यायचे, हा निर्णय कागदावर घ्यायचा असतो. दुसरा मार्ग दिसायलाही चांगला, कारण त्या रेघा कातळाच्या पोतासारख्या दिसतात.

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायची चित्रे, आणि सावंतवाडीच्या गंजिफांवरची, म्हणजे खेळायच्या गोल पत्त्यांवरची, चित्रे पाहून अनेकांना तेच आकार गोधडीवर घ्यावेसे वाटतात. इथे जरा हात आवरावा. त्या चित्रांचे सौंदर्य रंग भरलेल्या पृष्ठभागात आहे, आणि टिपेकडे रेघेशिवाय काही नसते. चित्रकथीतला डोळा किंवा मुकुटाची कड उचलावी, अख्खी आकृती नको.

माप आणि सराव

लहान चौकोनात काढलेले रेखाटन मनाला आवडते, पण हाताला काही शिकवत नाही. नक्षी ज्या मापाने शिवायची त्याच मापाने काढावी. घरगुती मशीनवर सुईच्या उजवीकडे साधारण 6 ते 8 इंच मोकळी जागा असते, आणि दोन तळव्यांमध्ये एका वेळी जेमतेम 4-5 इंचांचा तुकडा ताब्यात राहतो. म्हणजे दर थोड्या अंतरावर थांबून हात पुढे घ्यावेच लागतात. हे थांबेही रेखाटनात टिंबाने दाखवावेत, आणि ते टोकावर किंवा कोपऱ्यावर असावेत. गोलाईच्या मधोमध थांबले की पुन्हा सुरू करताना तिथे खोच पडते. थांबताना सुई कापडात रुतलेली ठेवायची.

कागद आणि मशीन यांत एक मूलभूत उलटेपणा आहे. कागद स्थिर असतो आणि पेन्सिल फिरते, मशीनवर सुई जागच्या जागी असते आणि कापड फिरते. रेघ उजवीकडे न्यायची तर कापड डावीकडे ढकलावे लागते. म्हणून पेन्सिल एका जागी उभी धरून डाव्या हाताने कागद खालून सरकवत तीच नक्षी काढून पाहणे उपयोगाचे. अक्षर पहिलीतल्या मुलासारखे येते, पण मशीनवर बसल्यावर होणारा गोंधळ कमी होतो. सरावाला पाटी उत्तम: पुसा आणि पुन्हा काढा. नजर मात्र पेन्सिलीच्या टोकावर न ठेवता पुढे जिथे जायचे तिथे ठेवायची सवय इथेच लावून घ्यावी.

दाटी सगळीकडे सारखी आहे का, हेही रेखाटनावरच कळते. डोळे बारीक करून पाहिले की काळे आणि पांढरे ठिपके उठून दिसतात. एका भागात टीप दाट आणि शेजारी विरळ असली, तर दाट भाग आकसतो, विरळ फुगतो आणि गोधडीला झोळ पडतो. आत विकतचे, चादरीसारखे तयार कापूस-भरण असेल, तर दोन टिपांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते पाकिटावर छापलेले असते आणि नक्षी त्या अंतरात बसवावी लागते. जुन्या लुगड्यांच्या वाकळीत भरण सरकून गोळा होण्याची भीती नसते, त्यामुळे नक्षी मोठी ठेवता येते.

कापडावर उतरवणे

पुष्कळ जणी रेखाटन कापडावर उतरवतच नाहीत. ते हातात बसले की कागद बाजूला ठेवून थेट शिवतात, आणि नागमोडीसारख्या नक्षीला तेच योग्य. नक्षी गोधडीवर कशी दिसेल हे पाहायचे असेल, तर जाड पारदर्शक प्लास्टिक पसरून त्यावर मार्करने काढतात. प्लास्टिकच्या कडेला रंगीत चिकटपट्टी लावावी, नाहीतर रेघ कधी कापडावर गेली ते कळत नाही.

मोजून बसवायच्या नक्षीला भरतकामवाल्यांचा खाका चालतो. बटर पेपरवर नक्षी काढून, दोरा न ओवलेल्या मशीनच्या सुईने रेघेवर भोके पाडायची आणि पुरचुंडीत बांधलेली खडूची पूड वरून थोपटायची. रॉकेलमध्ये नीळ किंवा झिंकची पांढरी पूड कालवून फिरवण्याची रीत साडीकामात चालते. गोधडीत ती नको, कारण वास थरांत मुरतो. गडद कापडावर शिंप्यांची जुनी युक्ती, म्हणजे झिजलेल्या साबणाची पातळ चकती, कुठल्याही विकतच्या पेन्सिलीइतकी चांगली. रांगोळीची पूड हाताशी असली तरी शिरगोळ्याची दगडी भुकटी सुईखाली नेऊ नये. कोकणातली भाताची फोलपटे जाळून केलेली रांगोळी मऊ असते, पण ती थोपटताच उडते.

आपोआप उडणाऱ्या जांभळ्या शाईच्या पेनाबद्दल किनाऱ्यावर विशेष सावध राहावे. ती शाई एरवी एखाद-दोन दिवस टिकते, दमट हवेत ती त्याआधीच जाते, म्हणून पावसाळ्यात तासाभरात शिवून होईल एवढीच नक्षी आखावी. पाण्याने जाणारी निळी शाई टिकते, पण धुण्याआधी इस्त्री फिरली किंवा कापड उन्हात पडून राहिले तर डाग कायमचा बसू शकतो. इस्त्रीच्या उष्णतेने नाहीशी होणाऱ्या शाईची रेघ शून्याच्या बऱ्याच खालच्या थंडीत परत उमटते. रत्नागिरीत कुणाला ते कधी कळणार नाही, पण लेह-लडाखला असलेल्या मुलासाठी गोधडी शिवायची असेल, तर खूण साबणाने किंवा खडूनेच करावी.