जुन्या औषधांचा नवा वापर (कोविड-19)

एका आजारासाठी मान्यता मिळालेले औषध दुसऱ्या आजारावर लागू पडते का, हे तपासून ते वापरण्याची पद्धत. मात्रा आणि दुष्परिणाम आधीच ठाऊक असतात, म्हणून कित्येक वर्षे वाचतात. मात्र ही माहिती जुन्या आजाराच्या मात्रेपुरतीच खरी असते, आणि गल्लत बहुधा तिथेच होते.

गोव्यातले आयव्हरमेक्टिन हे त्याचे ठळक उदाहरण. मे 2021 मध्ये दुसरी लाट भरात असताना राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी 18 वर्षांवरील सर्वांना प्रतिबंधासाठी रोज 12 मिलिग्रॅम, 5 दिवस, अशी योजना जाहीर केली. लगेचच जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी चाचण्यांबाहेर हे औषध वापरू नये, याची आठवण करून दिली. मूळचे हे कृमींवरचे औषध: दर किलो वजनाला 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 12 मिलिग्रॅम, बहुधा एकदाच. आशा निर्माण झाली ती 2020 मधल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगामुळे. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींत 5 मायक्रोमोलर इतक्या तीव्रतेचे औषध घातल्यावर 48 तासांत विषाणू सुमारे 5,000 पटींनी घटला. पण नेहमीच्या मात्रेने रक्तात पोहोचणाऱ्या प्रमाणाच्या कितीतरी पट ते प्रमाण होते. गोळ्या वाढवून तिथवर जाणे धोक्याचे. पुढे ब्राझीलमधल्या मोठ्या चाचणीतही रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटले नाही.

मलेरियावरचे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वेगळ्या कारणाने फसले. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत ते चालले, कारण तिथे विषाणू ज्या वाटेने शिरतो ती हे औषध अडवते. माणसाच्या फुप्फुसातल्या पेशींत विषाणूला दुसरी वाट मोकळी असते.

डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मात्र टिकले. रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतील मृत्यू 41.4 टक्क्यांवरून 29.3 टक्क्यांवर आले. हे औषध विषाणूला मारत नाही, प्रतिकारशक्तीचा भडका आवरते. म्हणून वेळ महत्त्वाची. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. ताप आल्याबरोबर घरीच स्टिरॉइड सुरू करणे घातकच: साखर चढते, आणि मधुमेह्याला काळ्या बुरशीचा धोका वाढतो.

आणखी एक खबरदारी. स्ट्राँगिलॉइड्स हा कृमी मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेतून शिरतो आणि शरीरात कित्येक वर्षे गुपचूप राहतो. स्टिरॉइड दिल्यावर तो अंगभर पसरून जिवावर बेतू शकते. दमट प्रदेशात शेतात राबणाऱ्या रुग्णाला स्टिरॉइड देताना डॉक्टर आयव्हरमेक्टिनचा विचार करतात तो यासाठी.