बैज, रामकिंकर

बैज, रामकिंकर : (२५ मे १९०६–२ ऑगस्ट १९८०). शिल्पकार व चित्रकार. आधुनिक भारतीय शिल्पकलेचे एक प्रवर्तक. जन्म बंगालमधील बांकुरा येथे, नाभिक व्यवसायावर गुजराण करणाऱ्या गरीब कुटुंबात. लहानपणी ते मूर्तिकार अनंत सूत्रधार यांच्या हाताखाली देवीच्या मूर्ती घडवायला शिकले. आधी काड्या-पेंढ्यांचा सांगाडा बांधायचा आणि मग त्यावर हाताने माती चढवत जायचे, ही तिथली रीत. त्यांच्या पुढच्या साऱ्या सिमेंटकामाचे मूळ याच मातीकामात आहे.

असहकार चळवळीच्या दिवसांत ते नेत्यांची चित्रे रंगवत. मॉडर्न रिव्ह्यू  मासिकाचे संपादक रामानंद चतर्जी यांनी त्यांचे काम पाहिले आणि १९२५ मध्ये त्यांना शांतिनिकेतनच्या कलाभवनात, म्हणजे तिथल्या कलाशाळेत नेले. तेथे नंदलाल बोस हे त्यांचे गुरू. शिल्पाचे नियमबद्ध शिक्षण मात्र त्यांना थोडकेच मिळाले : ऑस्ट्रियाच्या लिझा फॉन पॉट आणि बूर्देल या फ्रेंच शिल्पकाराच्या शिष्या मार्गारेट मिलवर्ड या पाहुण्या शिल्पकर्त्रींचा काही काळ सहवास, एवढेच. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतींवरून हात बसवून घेतला जाई. गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ (१८९६) हे त्या परंपरेचे देखणे फळ. रामकिंकरांना ती शिस्त लाभली नाही, आणि ते त्यांच्या पथ्यावरच पडले असे म्हणता येते. यूरोपीय आधुनिक कलेतील घनवादाची (वस्तूंचे आकार भौमितिक तुकड्यांत मांडणाऱ्या शैलीची) मोडतोड आणि रोदँ-बूर्देल या फ्रेंच शिल्पकारांचा रांगडा पृष्ठभाग त्यांनी नक्कल न करता आपल्या कामात मुरवून घेतला.

‘सुजाता’ (१९३५) ही निलगिरीच्या झाडांमधली उंच, सडपातळ स्त्रीप्रतिमा. नंदलालांच्या सूचनेवरून तिच्या डोक्यावर पात्र आले आणि ती बुद्धाला खीर नेणारी सुजाता झाली. रवींद्रनाथांना ती आवडली. सारा आश्रम शिल्पांनी भरून टाक, असे त्यांनी या तरुणाला सांगितले.

‘संथाळ कुटुंब’ (१९३८) हे त्यांचे सर्वश्रेष्ठ काम मानावे लागेल. खांद्यावर कावड घेतलेला पुरुष, कावडीच्या टोपलीत मूल, बरोबर स्त्री आणि कुत्रा, असे हे बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेले कुटुंब माणसाच्या उंचीहून मोठे आहे. तोवर आपल्याकडच्या उघड्यावरील पुतळ्यांचा मान बहुतेक राजेरजवाडे, गव्हर्नर आणि पुढारी यांनाच मिळत असे. रामकिंकरांनी तो मजुरी करणाऱ्या आदिवासींना दिला, आणि त्यासाठी त्यांच्याकडे कोणी मागणी नोंदवली नव्हती. ब्राँझचे ओतकाम परवडणारे नव्हते, प्लास्टर पावसात टिकले नसते. म्हणून लोखंडी सळयांच्या सांगाड्यावर त्यांनी सिमेंट आणि शांतिनिकेतनच्या वीरभूम जिल्ह्यातील जांभ्याची खडी यांचा गिलावा हाताने फेकून बसवला आणि पुरता घट्ट होण्याआधी तो छिन्नीने तासला. त्यातून आलेला खरबरीत पोत त्या परिसरातील तांबड्या जमिनीशी एकजीव होतो. साधनांची टंचाई इथे शैली बनली.

‘दीपस्तंभ’ (१९४०) ही पूर्णतः अमूर्त रचना. इतक्या लवकर असे धाडस भारतात क्वचितच झाले. धान्य झोडपणाऱ्या आकृतीला (१९४३) डोकेच नाही, सारा भर शरीराच्या झोकावर आहे. ‘गिरणीचा भोंगा’ (१९५६) यात कामावर धावत निघालेल्या दोन संथाळ स्त्रिया वाऱ्यावर ओली वस्त्रे वाळवत आहेत. स्थिर सिमेंटमध्ये इतका वेग क्वचितच दिसतो. रवींद्रनाथ, उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांची मुखशिल्पेही त्यांनी केली. त्यांत चेहऱ्याच्या हुबेहूबपणापेक्षा त्या माणसाच्या वृत्तीला महत्त्व आहे.

दिल्लीच्या रिझर्व्ह बँकेच्या दारावरील यक्ष-यक्षी हे मात्र मागणीवरून केलेले दगडी काम. यक्षासाठी मथुरा संग्रहालयातील परखम गावचा प्राचीन यक्ष त्यांनी समोर ठेवला. दगड हिमाचलातील बैजनाथजवळून आणला आणि काम बरीच वर्षे रेंगाळत १९६७ च्या सुमारास पुरे झाले. त्यात भव्यता आहे; शांतिनिकेतनच्या शिल्पांतली ऊब तेवढी नाही.

त्यांनी कलाभवनाच्या शिल्पविभागाचे प्रमुखपद दीर्घकाळ सांभाळले. पद्मभूषण (१९७०) व शांतिनिकेतनच्या विश्वभारती विद्यापीठाची देशिकोत्तम ही मानद पदवी त्यांना मिळाली. त्यांचे शिष्य शंखो चौधुरी यांनी पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिल्पविभाग उभारला, आणि शांतिनिकेतनातील मोकळी दृष्टी पश्चिम भारतातील विद्यार्थ्यांपर्यंत पोचली.