हिप-हॉप धर्मसेवा

हिप-हॉप धर्मसेवा : अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या, विशेषतः कृष्णवर्णीय व लॅटिनो वस्त्यांतील, प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये (चर्चच्या उपासक-समुदायांमध्ये) विसाव्या शतकाच्या अखेरीस रुजलेली उपासनेची आणि पाळक (मंडळीचा धर्मगुरू) घडवण्याची पद्धत. रॅप, डीजेचे वादन, ब्रेकडान्स आणि ग्राफिटी (भिंतींवरील रंगीत अक्षरचित्रे) या हिप-हॉपच्या चार अंगांमधून तीत शास्त्राभ्यास, संदेश देणे आणि मंडळी सांभाळणे शिकवले जाते. ‘गॉस्पेल रॅप’, ‘होली हिप-हॉप’ या संज्ञा संगीतप्रकाराच्या आहेत; ‘हिप-हॉप चर्च’ म्हणजे त्या संस्कृतीत वाढलेल्यांची मंडळी. या नोंदीत मंडळी व तिचे नेतृत्व यांवर भर आहे.

उगम : हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरील इमारतीत डीजे कूल हर्कने वाजवलेल्या पार्टीत झाला, असे मानण्याचा प्रघात आहे. ख्रिस्ती रॅपच्या आरंभाबाबत एवढे एकमत नाही.

एक मत हा आरंभ १९३०–४० च्या दशकांपर्यंत मागे नेते. गोल्डन गेट क्वार्टेट, जुबिलेअर्स यांसारख्या कृष्णवर्णीय गायकांच्या चौकड्या बायबलमधील कथा ठेक्यावर, जवळजवळ बोलल्यासारख्या म्हणत. जुबिलेअर्सनी १९४६ च्या सुमारास म्हटलेली नोहाची कथा आजच्या श्रोत्याला रॅपच वाटते. साम्य खरे आहे, पण त्या गायनामागे ज्युबिली संगीत (कृष्णवर्णीयांची जोशपूर्ण सामूहिक भक्तिगीते) आणि कृष्णवर्णीय उपदेशकांचे लयबद्ध प्रवचन या परंपरा आहेत. दोन तबकड्यांवर तोच ठेका पुन्हा पुन्हा फिरवणारा डीजे आणि त्यावर आपले शब्द रचणारा एमसी हा हिप-हॉपचा गाभा त्यात नाही. म्हणून या गायनाला उगम न म्हणता पूर्वपीठिका म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

दुसरे मत न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातील मॅकस्वीट याच्या १९८२ मधील तबकडीला अग्रमान देते. तिसरे, ओक्लाहोमातील स्टीव्हन वायली याच्या १९८५ च्या कॅसेटला. या दोन दाव्यांतील विरोध वरवरचा आहे. मॅकस्वीटची तबकडी एका गीताची होती, तर वायलीची संपूर्ण कॅसेट ख्रिस्ती रॅपची होती. कालक्रमाने मॅकस्वीट आधीचा, हे मान्य करावे लागते. नेतृत्व घडवण्याच्या अंगाने पाहता मात्र वायलीचे महत्त्व अधिक आहे, कारण त्याचे शीर्षकगीत मुलांना बायबलमधील पुस्तकांची ओळख करून देणारे होते. रॅप हे पाठांतराचे आणि शिकवणीचे साधन होऊ शकते, ही कल्पना त्यात स्पष्ट दिसते.

त्यानंतरच्या पिढीत डॅलसचा डी-बॉय रॉड्रिगेझ उल्लेखनीय आहे. व्यसनी आणि टोळ्यांत अडकलेल्या तरुणांसाठी त्याच्या कुटुंबाने चालवलेल्या रस्त्यावरील सेवाकार्यात तो वाढला. १९९० मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याची गोळी घालून हत्या झाली. ज्यांच्यात तो काम करत होता, त्यांचे जगणे किती जोखमीचे होते हे त्याच्या मृत्यूने ठळक केले.

गीतरचना आणि शास्त्राभ्यास : १९९० च्या दशकाच्या मध्यास फिलाडेल्फियात उभ्या राहिलेल्या ‘क्रॉस मूव्हमेंट’ या गटाने या प्रवाहाला निश्चित ईश्वरविद्येची बैठक दिली. गटातील विल्यम ब्रँच (‘द अँबॅसडर’) याने डॅलस थिऑलॉजिकल सेमिनरी या धर्मशिक्षणसंस्थेत उच्च शिक्षण घेतले आणि २००६ मध्ये फिलाडेल्फियात स्थापन झालेल्या ‘एपिफनी फेलोशिप’ या मंडळीच्या उभारणीत तो एरिक मेसनसोबत होता. एमसी ते पाळक हा प्रवास त्याच्यानंतर अनेकांनी केला.

या प्रवासामागचे तंत्र समजून घेण्याजोगे आहे. रॅपमधील प्रचलित कडवे सोळा बारचे असते आणि एका बारमध्ये चार मात्रा येतात. मिनिटाला ९० मात्रांच्या गतीने हे कडवे सुमारे ४३ सेकंदांत संपते. तेवढ्या अवधीत प्रायश्चित्त (ख्रिस्ताच्या मरणाने झालेले पापांचे क्षालन) किंवा त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) यांसारखा सिद्धांत यमक सांभाळून आणि चूक न करता मांडायचा, तर तो आधी पुरता पचलेला असावा लागतो. शिकाऊ सेवकाला एक उतारा देऊन त्यावर कडवे लिहायला लावणे आणि ते वडीलधाऱ्यांसमोर म्हणायला लावणे, ही म्हणूनच अतिशय कसोटीची परीक्षा ठरते. पोकळ वाक्य प्रवचनात खपून जाते, ठेक्यावर ते उघडे पडते. शाय लिन या कलावंताने २००८ मध्ये केवळ ख्रिस्ताच्या प्रायश्चित्तावर संपूर्ण अल्बम रचला, त्यावरून या शिस्तीचा पल्ला ध्यानात यावा.

दुसरे साधन सायफर. वर्तुळात उभे राहून एकामागून एकाने उत्स्फूर्त रचना म्हणायची, हा मूळचा रस्त्यावरचा खेळ. धर्मसेवेत त्याला साक्ष देण्याचे रूप येते. वर्तुळातला प्रत्येक जण आलटून पालटून बोलणारा आणि ऐकणारा असतो. नवख्याला तिथेच जागा मिळते आणि तिथेच दुरुस्तीही होते. पाळकाला लागणारी ऐकण्याची सवय व्याख्यानकक्षापेक्षा इथे लवकर लागते, असे या कामातल्या माणसांचा अनुभव पाहता म्हणता येते.

२००४ मध्ये रॅपर लक्रे मूर आणि बेन वॉशर यांनी सुरू केलेल्या ‘रीच रेकॉर्ड्स’ या संगीतसंस्थेने संगीत आणि अभ्यासक्रम यांची सांगड घातली. तिच्याशी जोडलेल्या ‘वन-वन-सिक्स’ या गटाचे नाव बायबलमधील रोमकरांस पत्र १:१६ यावरून घेतले आहे : ‘मला सुवार्तेची लाज वाटत नाही’ हा त्या वचनाचा आशय. बायबलमधील प्रेषित पौलाच्या तेरा पत्रांवरील त्यांचा २००७ चा अल्बम अभ्यासपुस्तिकेसह आला, त्यामुळे गीत ऐकून तरुणांचा गट त्या पत्राच्या अभ्यासाला बसू शकत असे. लक्रेला २०१३ मध्ये सर्वोत्तम गॉस्पेल अल्बमचे ग्रॅमी मिळाले आणि त्याचा २०१४ चा अल्बम बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिला आला. या यशाने श्रोतृवर्ग बदलला व त्यात गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबल व वैयक्तिक परिवर्तन यांवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट प्रवाहातील) तरुणांचा भरणा झाला. वंशभेदाच्या प्रश्नावरून २०१७ मध्ये लक्रेने गोऱ्या इव्हँजेलिकल वर्तुळापासून आपण दूर झाल्याचे जाहीर केले.

मंडळ्या : फ्लोरिडातील टँपा येथील ‘क्रॉसओव्हर चर्च’ हे या पद्धतीचे सर्वांत परिचित केंद्र. तिथे तरुणांमध्ये काम करणारा टॉमी किलोनेन (‘अर्बन डी’) २००२ मध्ये मुख्य पाळक झाला. या मंडळीचा ‘फ्लेव्हर फेस्ट’ हा मेळावा म्हणजे शहरी सेवकांचे प्रशिक्षणशिबिर आणि हिप-हॉप महोत्सव यांचा मिलाफ. दिवसा कार्यशाळा, रात्री मंचावर कला. शिकागोच्या लॉनडेल भागात फिल जॅक्सनने २००३ मध्ये ‘द हाउस’ सुरू केले. त्याच वर्षी मिनीॲपोलिसमध्ये एफ्रेम स्मिथने बहुवांशिक मंडळी स्थापली. या दोघांनी मिळून २००५ मध्ये लिहिलेले पुस्तक या विषयावरील आरंभीचे पद्धतशीर विवेचन होय. ब्राँक्समधील एका एपिस्कोपल (अमेरिकेतील अँग्लिकन पंथाच्या) मंडळीने २००४ पासून हिप-हॉप मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) सुरू केला व पुढे त्यासाठी स्वतंत्र प्रार्थनापुस्तकही निघाले. हार्लेममध्ये जुना रॅपर कुर्टिस ब्लो याने त्याच सुमारास हिप-हॉप चर्च सुरू केले. पुढे त्याने पाळकपदाची दीक्षा घेतली.

विरोध : हिप-हॉप मुळातच पापाची भाषा आहे, तिला धुऊन घेता येत नाही, हा मुख्य आक्षेप. २०१३ च्या अखेरीस एका परंपरावादी परिषदेत वक्त्यांनी तो कठोर शब्दांत मांडला, तेव्हा अनेक इव्हँजेलिकल विचारवंतांनी जाहीर हरकत घेतली. बाजू मांडणारे करिंथकरांस पहिल्या पत्रातील ९:२२ (‘सर्वांसाठी मी सर्व काही झालो’ हा आशय) आणि अथेन्समधील पौलाचे, तिथल्याच कवींचे शब्द वापरणारे भाषण (प्रेषितांची कृत्ये १७) यांचा आधार घेतात. त्याहून अमेरिकेतील इतिहासाचा आधार अधिक बळकट वाटतो. थॉमस डॉर्सी या ब्लूज वादकाने १९३० च्या दशकात शिकागोत गॉस्पेल संगीत रुजवले, तेव्हाही प्रतिष्ठित कृष्णवर्णीय मंडळ्यांनी त्याला दारूच्या गुत्त्यातले संगीत म्हणून नाकारले होते. आज तेच त्या मंडळ्यांचे पारंपरिक संगीत आहे. मराठी ख्रिस्ती परंपरेत फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण (१६१६) आणि नारायण वामन टिळकांची कीर्तने व अभंग यांनी लोकांच्या ओठी असलेला छंद उपासनेत आणला. तिचा या चळवळीशी थेट संबंध नाही, पण प्रश्न तोच आहे.

स्त्रियांचा सहभाग रॅपपेक्षा स्पोकन वर्डमध्ये (मंचावर म्हणायच्या काव्यात) अधिक दिसतो. लॉस एंजेलिसमधील ‘पॅशन फॉर क्राइस्ट मूव्हमेंट’च्या मंचावरून पुढे आलेली जॅकी हिल पेरी ही कवयित्री नंतर रॅपर आणि बायबलशिक्षिका म्हणूनही ओळखली जाऊ लागली. तिचा २०१४ चा पहिला अल्बम पोर्टलंडच्या ‘हंबल बीस्ट’ने काढला. ही संस्था आपले संगीत श्रोत्यांना विनामूल्य देत असे.