गावच्या चर्चचा जांभा मुळात उघडा नव्हता

कोकणातील एखाद्या लहान गावच्या चर्चची डागडुजी निघाली की, पांढरा गिलावा हा अलीकडचा सोपस्कार असून मूळ बांधकाम उघड्या लाल जांभ्याचेच होते, असे हमखास सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे. खाणीतून काढलेला जांभा हवेत टणक होत जातो हे खरे. पण तो सच्छिद्रच राहतो, आणि त्याच्या पोकळ्यांतील मातकट भाग पावसाच्या माऱ्याने धुपत गेल्याने दगड झिजतो. म्हणूनच पोर्तुगीज काळातील गवंडी शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा भिंतींना देत आणि त्यावर वेळोवेळी सफेती होत असे.

या समजाला बळ मिळाले ते जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेमुळे. १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूचा बाहेरील गिलावा १९५०च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या पुढाकाराने काढण्यात आला. पर्यटकांना आवडणारा तिचा लाल रंग तेव्हापासूनचा आहे, आणि दगडाची वाढलेली झीजही. (छायाचित्रांत तो देखणा दिसतो, ही गोष्ट वेगळी.) गिलावा पुन्हा करताना सिमेंट मात्र टाळावे, कारण भिंतीत मुरलेली ओल चुना बाहेर पडू देतो, सिमेंट ती कोंडून ठेवते.