ग्लोबल पर्स्पेक्टिव्हज: या विषयात गुण कशाचे, आणि का

केंब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या पातळीवरच्या अभ्यासक्रमाच्या शाळांत नववी-दहावीला ग्लोबल पर्स्पेक्टिव्हज हा जागतिक प्रश्न वेगवेगळ्या दृष्टिकोनांतून पाहायला शिकवणारा विषय असतो. त्यात पाठांतराला गुण नाहीत, हे पालकांना एव्हाना माहीत झालंय. ते तसं का, हे समजायला इंग्लंडमधला एक जुना वाद पाहावा लागतो.

1970 च्या दशकात तिथल्या काही शाळांत ‘वर्ल्ड स्टडीज’ सुरू झालं आणि गरिबी, शस्त्रस्पर्धा, वंशभेद हे प्रश्न वर्गात आले. हे शिक्षण की मतप्रचार, असा सवाल 1985 मध्ये एका पुस्तिकेने केला. पुस्तिका एकांगी होती, पण मुद्दा रास्त होता: शिक्षकाचंच मत उत्तरपत्रिकेत उतरलं तर गुण द्यायचे कशाचे? पुढे 1988 च्या शिक्षण कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला, ठरावीक विषयांनी वेळापत्रक भरलं आणि असे तास मागे पडले.

2000 नंतर खुल्या वर्गचर्चेची एक पद्धत पुढे आली. कोणी काय विचार करावा हे दुसऱ्याने सांगायचं नाही, हा तिचा एक नियम. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाने या विषयाचं गुणांकनही त्याच अंगाने ठरवलं. बाजू कोणतीही घ्या, गुण पुराव्यांच्या पारखीला आणि मांडणीला.

2018 पासून लागू झालेल्या रचनेत लेखी परीक्षेला 35 टक्के, वैयक्तिक अहवालाला 30 टक्के आणि गटप्रकल्पाला 35 टक्के भार होता. अहवाल 1500 ते 2000 शब्दांचा. त्यापुढचा मजकूर तपासला जात नाही. अहवाल बहुतेक वेळा शीर्षकातच फसतो. ‘प्लास्टिकचे दुष्परिणाम’ या शीर्षकाखाली नुसती माहिती जमते. ‘प्लास्टिकबंदीने कचरा खरंच कमी होतो का?’ असं विचारलं की दोन बाजू आपोआप उभ्या राहतात. मग रवांडाची 2008 ची आणि केनियाची 2017 ची पिशवीबंदी, महाराष्ट्राची 2018 ची बंदी, लघुउद्योजकांचं म्हणणं, कचरावेचकांचं म्हणणं असं सगळं जागेवर बसतं. ‘ही वेबसाइट विश्वासार्ह आहे’ एवढ्या एका ओळीने स्रोताचं मूल्यमापन होत नाही. लिहिणाऱ्याचा हितसंबंध काय आणि आकडे कोणत्या वर्षाचे, हे तिथे यायला हवं.

खरी ओढाताण गटप्रकल्पावरून झाली. सुरुवातीच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या समाजातल्या किंवा देशातल्या मुलांबरोबर प्रत्यक्ष काम करणं अपेक्षित होतं. कल्पना सुंदर, पण परदेशी शाळेशी संबंध असलेल्या शाळांनाच ती सोपी जाई. वेळेतला फरक, दोन्हीकडच्या परीक्षा, उत्तर न आलेले ईमेल यांत कामाचे महिने जात. नंतर ही अट सैल झाली. दोन ते पाच जणांच्या गटाने एक उद्दिष्ट ठरवायचं, त्यातून पोस्टर, चित्रफीत, मोहीम असं काही प्रत्यक्ष घडवायचं आणि त्यात वेगवेगळे सांस्कृतिक दृष्टिकोन दाखवायचे.

समान संधीसाठी हा बदल योग्यच होता, मात्र त्यातून एक पळवाट निघाली. संस्कृती म्हणजे देश असं धरून मुलं जपान आणि ब्राझीलबद्दल इंटरनेटवरून दोन परिच्छेद उतरवतात. पोस्टर मात्र आधी ठरलं होतं तसंच राहतं. दृष्टिकोनामुळे काम बदललं नाही, तर तो नुसता चिकटवलेला असतो आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.

याला उपाय शेजारीच सापडतो. लग्नात वाया जाणारं अन्न हा विषय घ्या. पंगतीत आग्रहाने वाढलं जातं, ताटात जास्त पडतं ते वाढणाऱ्याच्या हातून. तिथे पोस्टर वाढप्यांसाठी आणि यजमानांसाठी हवं. बुफेत माणूस स्वतः वाढून घेतो, तिथे सूचना ताटांच्या चळतीजवळ लागते. गुरुद्वारातल्या लंगरात हवं तेवढंच घ्या, पुन्हा मागा अशी शिस्त असते. तिथल्या सेवेकऱ्यांशी बोललं तर मोहिमेची तिसरीच दिशा दिसते. तीन पद्धतींमुळे तीन वेगळी पोस्टर्स झाली, की सोबत द्यायच्या छोट्या लेखी स्पष्टीकरणात दृष्टिकोनामुळे काम बदललं हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

पोस्टरवर आठवडे घालवणाऱ्या गटांच्या हे उशिरा लक्षात येतं की गुणांचा मोठा वाटा प्रत्येकाच्या स्वतंत्र चिंतनपर लेखाला आहे. तो 750 ते 1000 शब्दांचा असतो. ‘खूप शिकायला मिळालं’ याला त्यात किंमत नाही. वाढप्याशी बोलल्यावर कोणता बेत बदलला, कोणाचं काम रखडलं आणि गटाने ते कसं सोडवलं, हे लिहायचं असतं. म्हणून मुलाखतींच्या आणि बैठकांच्या तारीखवार नोंदी पहिल्या दिवसापासून वहीत ठेवायला सांगाव्यात.