'मी बाई आहे' म्हटलं की महिलांच्या टीममध्ये एंट्री? खुलासा

पुण्यात सोसायटीच्या ग्रुपपासून तालमीच्या कट्ट्यापर्यंत हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय, की कुणीही पुरुष 'मी आजपासून बाई' म्हणाला की महिलांच्या कुस्तीत, रग्बीत थेट उतरू शकतो.

काळजी समजण्यासारखी आहे, कारण अंगाला भिडणाऱ्या खेळात वजन आणि ताकदीच्या फरकाने दुखापत होते, पण मोठ्या पातळीवर नुसतं म्हणून भागत नाही. ऑलिंपिकसाठी 2015 ला जी मार्गदर्शक तत्त्वं होती त्यातसुद्धा रक्तातलं टेस्टोस्टेरॉन (पुरुषांत जास्त असणारं, स्नायू आणि ताकद वाढवणारं हार्मोन) किमान 12 महिने 10 नॅनोमोल प्रति लिटरच्या खाली ठेवा अशी अट होती, आणि नंतर बऱ्याच खेळांनी नियम आणखी कडक केले. आंतरराष्ट्रीय महिला रग्बीत तर 2020 पासून, मुलग्यांसारखं वयात आलेल्या ट्रान्स महिलांना (जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद, पण स्वतःची ओळख बाई अशी) खेळताच येत नाही.

आता उलट्या बाजूचाही एक गैरसमज, की टेस्टोस्टेरॉन कमी करणारी औषधं सुरू केली की पुरुषी शरीराचा सगळा फायदा संपतो. तसंही नाही हो. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन काही महिन्यांत खाली येतं, स्नायूंची ताकद मात्र वर्षभरात थोडीच घटते, आणि उंची, हाडांची ठेवण तर बदलतच नाही. खरा वाद इथेच आहे, आणि तो अजून चालूच आहे.

चेक करायचं असेल तर त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या साइटवर नियमपुस्तिका असते, त्यात पात्रतेचं प्रकरण उघडा, तारीख आधी बघा कारण नियम सारखे बदलतात. आणि गल्लीतल्या स्पर्धेचं म्हणाल तर बऱ्याचदा असा नियम लिहिलेलाच नसतो, तिथे आयोजकांनाच विचारा.