सीमाभागातील तातडीचे उपचार आणि खर्चाचा जुना प्रश्न

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये आपली आरोग्य विमा योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू केली, तेव्हापासून बेळगाव परिसरातील उपचारांची चर्चा बहुतेक वेळा सीमाप्रश्नाच्या अंगानेच होत आली आहे. ती नीट समजून घ्यायची तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. अत्यवस्थ रुग्णाला दारातून परत पाठवू नये, हा नियम न्यायालयाने आणि पुढे कायद्यानेही घालून दिलेला आहे. मात्र त्या उपचाराचा खर्च कोणी उचलायचा, याचे उत्तर आजही रुग्णाची शिधापत्रिका कोणत्या राज्याची आहे त्यावर अवलंबून आहे.

रुग्णांच्या वाटा शिधापत्रिकेपेक्षा जुन्या आहेत. मिरजेत १८९४ मध्ये मिशन दवाखाना सुरू झाला आणि अथणी, कागवाड, रायबाग या भागातील माणसे पिढ्यानपिढ्या मोठ्या दुखण्याला मिरज गाठत आली. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटरवर आहे, तर जिल्ह्याचे ठिकाण असलेले बेळगाव जवळपास दुप्पट अंतरावर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा वगळून मुंबई राज्यात ठेवला गेला. तरीही चंदगडचा रुग्ण आज जवळच्या बेळगावलाच येतो. ये-जा दोन्ही बाजूंनी आहे, हे या वादात दोन्हीकडचे पुढारी सोयीस्करपणे विसरतात.

उपचार नाकारू नयेत या नियमाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पोलिसांच्या सोपस्कारांसाठी जखमीचे उपचार थांबवता येणार नाहीत आणि हे बंधन सरकारी तसेच खासगी डॉक्टरांवरही आहे. पश्चिम बंगालमध्ये १९९२ साली रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. त्या प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालयाने २५ हजार रुपयांची भरपाई दिली आणि पैशांची अडचण हे शासनाला कारण म्हणून पुढे करता येणार नाही, असेही सांगितले. या निकालाचा उल्लेख पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयातही झाला. तेथील राज्यघटनेत तातडीचे उपचार कोणालाही नाकारू नयेत, असे स्वतंत्र कलम आहे. परंतु मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला लागणारे नियमित डायलिसिस हा जुनाट आजाराचा उपचार असल्याने तो त्या कलमात बसत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. भारतातील प्रकरणात आकस्मिक जखम होती आणि येथे ती नाही, असा फरकही न्यायाधीशांनी दाखवला.

श्रीमंत देशांतही दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र मिळालेली नाहीत. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार, वृद्धांच्या सरकारी विम्यात सहभागी असलेल्या रुग्णालयाला तातडीच्या विभागात आलेल्या प्रत्येकाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावी लागते, मात्र नंतर बिल पाठवण्यास कोणतीही आडकाठी नाही. ब्रिटनमध्ये १९४८ पासून रहिवाशांना उपचार मोफत आहेत. परदेशी पाहुण्यालाही तातडीच्या विभागात पैसे द्यावे लागत नाहीत, पण त्याला वॉर्डात दाखल केले की आकारणी सुरू होऊ शकते. तातडी कोठे संपते हा हिशोब सगळीकडेच नाजूक आहे.

कर्नाटकात हा हिशोब बेळगावातच गाजला होता. खासगी रुग्णालयांच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचा प्रस्ताव २०१७ च्या हिवाळी अधिवेशनात आला, तेव्हा राज्यभरातील डॉक्टर येथील विधानसौधाच्या परिसरात आंदोलनाला उतरले आणि अनेक ठिकाणी बाह्यरुग्ण विभाग बंद राहिले. विधेयक बरेच सौम्य होऊन संमत झाले. तातडीच्या प्रसंगी आगाऊ रकमेसाठी अडून बसू नये, ही अपेक्षा त्यात टिकली.

खर्चाच्या योजना मात्र प्रत्येक राज्याने आपापल्या रहिवाशांपुरत्या आखल्या. कर्नाटकात २०१० पासून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी गंभीर आजारांची योजना आली आणि २०१८ मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. तिचा मुख्य नियम असा की रुग्णाने आधी सरकारी रुग्णालयात जावे आणि तेथे उपचार होत नसतील तरच शिफारसपत्र घेऊन खासगी रुग्णालयात जावे. १६९ प्रकारच्या तातडीच्या उपचारांना या पत्रातून सूट मिळाली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली योजना पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. केंद्राच्या यादीतील कुटुंबाला देशात कोठेही लाभ घेता यावा हे आयुष्मान भारतचे तत्त्व असले, तरी राज्याने स्वतःच्या पैशातून जोडलेल्या कुटुंबांना ही मुभा आपोआप मिळत नाही. निपाणीचा रुग्ण कोल्हापुरात दाखल झाला की नेमक्या याच फटीत अडकतो.

२०२३ चा निर्णय ही फट बुजवण्याचा पहिला ठोस प्रयत्न होता. बेळगाव, कारवार, कलबुर्गी आणि बिदर या चार जिल्ह्यांतील ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, तेथील कुटुंबांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत घ्यायचे ठरले आणि त्यासाठी ५४ कोटी रुपयांच्या तरतुदीची घोषणा झाली. त्याच वर्षी योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा, तसेच सीमेलगतच्या महाराष्ट्रातील जिल्ह्यांत १४० आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांत १० अतिरिक्त रुग्णालये अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, करण्याचा निर्णय झाला. कर्नाटकच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी ही संघराज्य व्यवस्थेतील ढवळाढवळ असल्याचे सांगून योजना रोखण्याचा इशारा दिला. सीमावाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असताना शेजारच्या राज्याने आपल्या नागरिकांना थेट लाभ देणे गैर आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

हा आक्षेप घटनेच्या चौकटीत तपासण्याजोगा असला तरी त्यात एक विसंगती आहे. महाराष्ट्रातील कन्नड शाळांना अनुदान देण्याची घोषणा कर्नाटकने २०२२ च्या अखेरीस केली होती, तेव्हा ही चौकट आड आली नव्हती. रहिवास न विचारता उपचारांचा खर्च देण्याचे तत्त्वही कर्नाटकला नवीन नाही. बेंगळुरूजवळच्या अपघातात प्राण जाताना अवयवदानाची इच्छा सांगणाऱ्या एका तरुणाच्या नावाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या योजनेत, राज्याच्या हद्दीत रस्ते अपघातात जखमी झालेल्या कोणालाही, मग तो कोणत्याही राज्याचा असो, पहिल्या ४८ तासांसाठी २५ हजार रुपयांपर्यंतचे उपचार मिळत होते. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही २०२० मध्ये अशाच स्वरूपाच्या, ७२ तासांच्या योजनेला मंजुरी दिली होती.

महाराष्ट्राच्या निर्णयातही कच्चे दुवे होते. सीमाभागातील माणसांकडे कर्नाटकची शिधापत्रिका असल्याने पात्रता ठरवण्यासाठी स्थानिक मराठी संघटनांचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले गेले. शासकीय लाभाची किल्ली चळवळीच्या हाती दिल्याने विरोधकांना आयते कारण मिळाले आणि योजनेला आरोग्यापेक्षा भाषेचा रंग जास्त चढला. जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटकच्या अधिकाऱ्यांनी बेळगाव परिसरातील अर्ज भरून घेणारी केंद्रे बंद केली. तातडीच्या रुग्णाच्या दृष्टीने अडचण आणखी वेगळी आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, दूरध्वनीवरून तात्पुरती मंजुरी मिळवून उपचार सुरू करू शकतो, परंतु त्यासाठी कुटुंबाची पात्रता आधीच ठरलेली असावी लागते. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाच्या घरच्यांनी प्रमाणपत्र आणायला केंद्र शोधत फिरावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही.

रुग्णवाहिकेची व्यवस्थाही दोन स्वतंत्र यंत्रणांत विभागलेली आहे. कर्नाटकात १०८ सेवा १ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झाली, महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह आली. क्रमांक एकच असला तरी नियंत्रण कक्ष वेगळे आहेत. खानापूरच्या जंगलपट्ट्यात तर प्रश्न रुग्णवाहिकेच्याही आधी सुरू होतो. २०११ मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यातील वाड्यांपर्यंत पावसाळ्यात वाहन पोहोचत नाही, आणि २०२४ च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी महिलेला गावकऱ्यांना खांद्यावरून चिखलाच्या वाटेने न्यावे लागले, तेव्हाही हेच दिसले. येथे कोणत्याही राज्याच्या विमा पत्राचा उपयोग नाही.

हद्द बंद झाली तर काय होते, याचा धडा करोनाकाळाने दिला. मार्च २०२० मध्ये कर्नाटकने केरळच्या सीमेवरील रस्ते अडवले आणि उपचारांसाठी मंगळूरवर अवलंबून असलेल्या कासरगोडच्या रुग्णांचे प्राण गेले. केरळ उच्च न्यायालयाने १ एप्रिलला रस्ता खुला करण्याचे आदेश दिले. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि रुग्णांच्या वाहतुकीची कार्यपद्धती ठरली. बेळगाव-कोल्हापूर मार्गावर कोगनोळी नाक्यावरही त्या काळात तपासणी आणि अहवालांची सक्ती होती. तातडीच्या रुग्णासाठी कायमस्वरूपी आंतरराज्य करार असावा, ही मागणी या दोन राज्यांच्या बैठकांत तेव्हा पुढे रेटली गेली असती, तर २०२३ चा वाद कदाचित उद्भवलाच नसता.

असे करार अशक्य नाहीत. फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवरील सेर्दान्या खोऱ्यात २०१४ मध्ये सुरू झालेले रुग्णालय स्पेनच्या बाजूला पुचसेर्दा येथे आहे, पण त्याचा कारभार आणि खर्च दोन्ही देश वाटून घेतात आणि दोन्हीकडचे डॉक्टर तेथे काम करतात. आपल्याकडे दोन सार्वभौम देशांचाही प्रश्न नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये मोटार अपघातातील जखमींसाठी देशव्यापी योजना अधिसूचित केली. रहिवास किंवा शिधापत्रिका न पाहता अपघातानंतरच्या पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार तीत रोख पैसे न भरता मिळायचे आहेत. त्यामुळे कोगनोळीजवळ महामार्गावर जखमी झालेल्याला आता कागदोपत्री तरी हद्द आड येऊ नये. निपाणीहून कोल्हापूरला नेलेला हृदयविकाराचा रुग्ण आणि खानापूरच्या रानात साप चावलेला शेतकरी मात्र या योजनेच्या व्याख्येबाहेरच आहेत.